जिराफाची नस, सात मणके, बिनरक्ताचा मासा: शरीररचनेतली कोडी

वडाची पारंबी

प्राण्यांच्या शरीररचनेबद्दल वाचताना काही गोष्टी अशा भेटतात की डोकं खाजवत बसावं लागतं. शाळेत शिकवलेलं असतं की प्रत्येक अवयव कशासाठी तरी असतो. बदकाचे पडद्याचे पाय पोहायला, उंटाचं कुबड चरबी साठवायला, विषय संपला. पुढे जरा खोलात वाचायला घेतलं की या साच्यात न बसणारे नमुने एकेक करून समोर येतात. त्यातला माझा सर्वांत लाडका टाकून धागा सुरू करते. तुमच्याकडचे टाका, जमलं तर उत्तरंही.

जिराफाचं स्वरयंत्र मेंदूपासून तसं जवळच, मानेच्या वरच्या टोकाला. पण ते हलवणारी नस (रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह) मेंदूच्या तळातून निघते, व्हेगस नर्व्हच्या (मेंदूतून छाती-पोटाकडे उतरणारी मोठी नस) सोबतीने अख्खी मान उतरून छातीत जाते, तिथे हृदयाजवळ महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा अख्खी मान चढून स्वरयंत्रापाशी पोचते. चार-पाच मीटरची वारी. माणसातही रस्ता हाच, मान आखूड म्हणून डोळ्यांवर येत नाही इतकंच.

प्रश्न असा: इतक्या कोटी वर्षांत नैसर्गिक निवडीला हा रस्ता सरळ का करता आला नाही?

रात्रपाळी

वाचनखूण साठवली.

म्हणजे जिराफाला काही बोलायचं असेल तर आधी हृदयाला विचारून यावं लागतं. ही सोय काही माणसांनाही द्यायला हवी होती.

आडमुठा

नमस्कार. लांब आहे म्हणजे वाईट, हे कोणी ठरवलं? ही नस नुसती जाऊन परत येत नाही. वाटेत ती अन्ननलिकेला, श्वासनलिकेला, हृदयाभोवतीच्या जाळ्याला फांद्या देते. उत्क्रांतीवर लिहिणाऱ्यांना दोनच सवयी असतात: एक तर प्रत्येक गोष्टीला उपयोग चिकटवायचा, नाहीतर "बघा कसं गचाळ काम" म्हणून टाळ्या घ्यायच्या. मला दोन्ही पटत नाहीत.

सूक्ष्मदर्शी

आडमुठा, फांद्यांचा मुद्दा बरोबर आहे. पण फांद्याच द्यायच्या तर डावी नस महाधमनीला आणि उजवी नस भलत्याच धमनीला वळसा का घालते? दोन्ही बाजूंना काम तेच, रस्ता मात्र वेगळा. उपयोगाच्या बाजूने विचार केला तर याचं उत्तर मिळत नाही. भ्रूणाकडे बघितलं तर लगेच मिळतं.

जरा इस्कटून सांगतो. पृष्ठवंशी प्राण्यांच्या भ्रूणात घशाच्या दोन्ही बाजूंना कमानींच्या जोड्या तयार होतात. माशांमध्ये यातूनच कल्ले होतात. प्रत्येक कमानीला स्वतःची धमनी, स्वतःचे स्नायू, स्वतःची नस. या टप्प्यावर हृदय घशाच्या लगेच खाली असतं आणि मानेचा पत्ताच नसतो. व्हेगसची जी फांदी पुढे स्वरयंत्राकडे जाणार, ती सहाव्या कमानीच्या धमनीच्या मागून जाते. माशाच्या शरीरात हाच सरळ आणि जवळचा रस्ता आहे. सस्तन भ्रूणात मात्र पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरतं, आणि धमनी खाली जाताना नसेलाही सोबत ओढून नेते.

आता डावे-उजवे. डावीकडच्या सहाव्या कमानीची धमनी जन्मापर्यंत डक्टस आर्टेरिओसस म्हणून टिकते, जन्मानंतर तिचा नुसता बंध उरतो. म्हणून डावी नस तिथेच, महाधमनीखाली अडकलेली राहते. उजवीकडे सहाव्या कमानीचा तो भाग विरून जातो आणि पाचवी कमान तर नावापुरतीच, त्यामुळे उजवी नस वर सटकते ती थेट चौथ्या कमानीच्या धमनीला जाऊन अडते. हीच पुढे उजव्या हाताला रक्त नेणारी सबक्लेव्हियन धमनी होते. वळसा कशाला घालायचा हे कोणी ठरवलेलं नाही, कोणती धमनी शिल्लक राहिली त्यावर ते ठरलं.

खूरवैद्य

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय, पण या नसेने माझं पोट भरलंय, तेव्हा गप्प राहवत नाही.

मोठ्या चणीच्या घोड्यांना, विशेषतः शर्यतीच्या, एक दुखणं होतं. उभा असताना घोडा ठणठणीत, पण दौडायला लागला की श्वास आत घेताना शिट्टी आणि घरघर यांच्या मधला आवाज येतो. रोअरिंग म्हणतात त्याला. तपासताना दोन्ही हातांची बोटं गळ्याच्या दोन बाजूंनी स्वरयंत्राच्या पाठीमागे सरकवायची. उजवीकडे स्नायूची गुबगुबीत गादी लागते. डावीकडे स्नायू वाळला असेल तर कूर्चेचं टोक सरळ बोटाला टोचतं. मग नाकातून एंडोस्कोप घातला की डोळ्यांनीच दिसतं: श्वास घेताना उजवी कूर्चा झटकन बाजूला होते, डावी अर्ध्या वाटेत लोंबकळत राहते आणि हवेचा रस्ता अडवते.

जवळजवळ नेहमी डावीच बाजू. कारण डावी नस महाधमनीला वळसा घालून येते, म्हणून उजवीपेक्षा लांब, आणि हे दुखणं नसेच्या दूरच्या टोकापासून सुरू होतं. पेशीचा मुख्य भाग मेंदूच्या तळाशी, तिथून इतक्या लांबच्या टोकापर्यंत माल पोचवायचा, त्यात कुठेतरी कमी पडतं. उंच घोड्यांमध्ये हे जास्त, तट्टांमध्ये विरळ. उपाय म्हणून टाके घालून ती कूर्चा कायमची उघडी ओढून ठेवतात. घोडा पुन्हा पळतो, पण श्वासनलिकेचं दार सताड उघडं राहिल्याने चारा खाताना कण आत जातात आणि तो खोकत बसतो.

तेव्हा आडमुठेराव, लांबी फुकटची नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

आडमुठा

वैद्यबुवा, मस्त प्रतिसाद. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. इतके उंच घोडे निसर्गाने नव्हे, माणसाने पैदास करून तयार केले. आणि किंमत मोजावी लागते तर निवडीला ती दिसायला हवी. मग सुधारणा का नाही? "भ्रूणात तसं असतं" हे वर्णन झालं, कारण नाही झालं.

सूक्ष्मदर्शी

कारण असं की निवडीला फक्त समोर आलेल्या पर्यायांतूनच निवडता येतं. नस धमनीच्या पुढून नेणारा बदल व्हायचा तर तो भ्रूण काही मिलिमीटरचा असताना व्हायला हवा. त्या वेळी तिथे नस, धमनी, स्नायू, कूर्चा सगळे एकमेकांना खुणा देत जागा घेत असतात. एकाला हलवलं की शेजारचे तिघे बिघडतात. जिराफाची मान एका पिढीत लांब झाली नाही. दर पिढीला नस थोडी लांबवणं स्वस्त होतं, रस्ता बदलणं महाग. स्वस्त तेच होत गेलं.

रात्रपाळी

मानेवरून आठवलं. जिराफाच्या मानेतही मणके सातच असतात म्हणे? आणि उंदराच्याही सात? हे खरंय की फॉरवर्ड?

वडाची पारंबी

खरंय. माणूस, उंदीर, वटवाघूळ, देवमासा, जिराफ, सगळे सात. जिराफाचा एकेक मणका वीतभराहून लांब होतो, संख्या मात्र वाढत नाही. पक्ष्यांना ही सक्ती नाही: घुबडाला १४, हंसाला २२ ते २५. अल्बर्टोनेक्टीस नावाच्या समुद्री सरीसृपाच्या मानेत तर ७६ मणके मोजलेत. सस्तन प्राण्यांनाच कोणी सातची शपथ घातलीय कोण जाणे.

रात्रपाळी

७६ वाल्यांच्याच खानदानातला एलास्मोसॉरस ना? अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ एडवर्ड कोप यांनी १८६०च्या दशकाच्या अखेरीस त्याचा सांगाडा मांडताना डोकं शेपटीच्या टोकाला बसवलं होतं. इतकी लांब मान असू शकते यावर विश्वासच बसला नसणार. :)

सूक्ष्मदर्शी

सातच्या शपथेचं कोडं मला नसेपेक्षा भारी वाटतं, कारण इथे बदल घडतात आणि तरी टिकत नाहीत.

माणसात कधीकधी सातव्या मणक्याला छोटी बरगडी फुटते. म्हणजे मानेचा मणका छातीच्या मणक्यासारखा वागायला लागतो, मानेचे उरले सहा. प्रौढांमध्ये हे फार थोड्यांत दिसतं. जीवशास्त्रज्ञ फ्रिटसन गॅलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्माआधीच दगावलेल्या गर्भांची तपासणी केली तेव्हा मानेची बरगडी असलेल्यांचं प्रमाण तिथे कितीतरी पटींनी जास्त निघालं. त्यांचं म्हणणं असं की कोणता मणका कुठला हे ठरवणारी हॉक्स जनुकं त्याच सुमारास शरीरात इतरही बरीच कामं करत असतात. मणक्यांची संख्या बदलणारा बिघाड एकटा येत नाही, हृदयाचे आणि इतर अवयवांचे दोष सोबत घेऊन येतो. पर्याय समोर येतो, पण बहुतेक वेळा जन्मच घेत नाही.

अपवाद आहेत. मॅनाटी या समुद्री गायीला सहा. दोन बोटांच्या स्लॉथला पाच ते सात, तीन बोटांच्या स्लॉथला आठ ते दहा. पण तीन बोटांच्या स्लॉथच्या भ्रूणात हाडं कोणत्या क्रमाने कडक होतात हे पाहिलं तर मानेच्या तळाचे 'जादा' मणके छातीच्या मणक्यांच्या क्रमाने कडक होतात. वरचे सात तसेच. छातीच्या मणक्यांनी बरगड्या सोडल्या आणि ते मानेत सामील झाले, असा त्याचा अर्थ लावला जातो.

जिराफानेही अशीच पळवाट काढलीय. त्याचा छातीचा पहिला मणका बरगडी राखूनच इतका हलता झालाय की मान वर-खाली करताना तो जवळजवळ आठव्या मानेच्या मणक्याचं काम करतो. जपानी संशोधकांनी २०१६ साली हे दाखवलं.

आडमुठा

हे आवडलं. इथे निदान तपासता येण्यासारखं काहीतरी आहे.

पण दुसऱ्या टोकाचं एक कोडं टाकतो. वृषण शरीराबाहेर का? ठरलेलं उत्तर: शुक्राणूंना थंडावा लागतो. मग हत्तीचे वृषण पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ, तरी हत्तींची वंशवेल चालू आहे. पक्ष्यांच्या शरीराचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, सुमारे ४१ अंश, त्यांचेही आतच. डॉल्फिनने वृषण आत घेतले, पण पाठीच्या आणि शेपटीच्या पंखांतून थंड झालेलं रक्त तिथे फिरवायची सोय केली. म्हणजे एकाला थंडावा हवा, दुसऱ्याला नको. मग थंडाव्याचं उत्तर कारण आहे की परिणाम? आधी काही दुसऱ्याच कारणाने बाहेर आले आणि नंतर शुक्राणू थंड जागेला सरावले, असंही असू शकतं.

सूक्ष्मदर्शी

तुमच्या 'आधी काय' ला अर्धं उत्तर मिळालंय. वृषण खाली उतरवणारी दोन जनुकं आहेत, आरएक्सएफपी२ आणि आयएनएसएल३. २०१८ साली मॅनाटी, टेनरेक वगैरे हत्तीच्या नात्यातल्या, वृषण आत असलेल्या काही प्राण्यांच्या जनुकसंचात या जनुकांचे मोडके अवशेष सापडले. जनुक मोडलेलं सापडतं म्हणजे पूर्वजात ते धड होतं. तेव्हा हत्तीच्या घराण्यात वृषण उतरत होते आणि नंतर उतरायचे थांबले. बाहेर का आले याबद्दल मात्र वाद आहेच. पळताना-उड्या मारताना पोटातला दाब वाढतो, त्यापासून बचाव म्हणून बाहेर, असंही एक मत आहे.

वडाची पारंबी

नेत्रपटलाचं कोणीच काढलं नाही अजून? आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी सर्वांत मागे, त्यांच्या पुढ्यात नसांचा थर, आणि नसा बाहेर पडायला मधे भोक म्हणून अंधबिंदू. ऑक्टोपसला हे काही नाही.

सूक्ष्मदर्शी

ते फार चावून झालंय. एवढंच जोडतो की नेत्रपटलातल्याच म्युलर नावाच्या पेशी त्या थरातून प्रकाश मागे पोचवतात हे २००७ साली दिसलं. म्हणजे उलट्या मांडणीत जमेल तेवढी डागडुजी झालीय. अंधबिंदू तरी राहिलाच.

त्यापेक्षा आइसफिश घ्या. अंटार्क्टिकाच्या समुद्रातला हा मासा कापला तर रक्त पाण्यासारखं निघतं. कल्ले लाल नाहीत, दुधी. प्रौढपणीही हिमोग्लोबिन नसलेले पृष्ठवंशी प्राणी म्हणजे फक्त ही मंडळी. देवमासे पकडणारे नॉर्वेजियन खलाशी बिनरक्ताच्या माशाबद्दल सांगायचे. जीवशास्त्रज्ञ योहान रूड यांनी १९५४ साली त्यावर शोधनिबंध लिहिला, तेव्हा विज्ञानजगताचा विश्वास बसला.

झालंय असं की हिमोग्लोबिनच्या एका जनुकाचा जवळजवळ मागमूस नाही आणि दुसऱ्याचा तुकडा उरलाय. ऑक्सिजन जातो तो रक्तद्रवात नुसता विरघळून. समुद्राचं पाणी शून्याच्या खाली, उणे १.९ अंशांपर्यंत, आणि थंड पाण्यात ऑक्सिजन भरपूर विरघळतो, म्हणून निभतं.

पाठ्यपुस्तकी उत्तर तयार असतं: थंडीत रक्त घट्ट होतं, लाल पेशी काढून टाकल्या की पातळ होतं, पंप करायला सोपं. किती छान अनुकूलन! पण आकडे बघा. त्याच आकाराच्या लाल रक्ताच्या माशापेक्षा याच्या शरीरात रक्त कितीतरी पट जास्त, हृदय थोराड, रक्तवाहिन्या रुंद. रक्त पातळ होऊन वाचलं त्याहून जास्त ते इतकं रक्त फिरवण्यात खर्च होतं. आणि त्याच पाण्यात त्याचेच लाल रक्ताचे भाऊबंद सुखाने जगतायत. कहर म्हणजे काही जातींच्या हृदयातून मायोग्लोबिनसुद्धा (स्नायूंत ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रथिन) गेलंय, तेही एकदाच नाही, वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे. मला तरी वाटतं हे अपघाताने हरवलं, थंड पाण्यामुळे जीव वाचला, आणि मोठं हृदय ही नंतरची भरपाई आहे.

आडमुठा

तुम्हाला 'वाटतं'. रक्त पातळ करण्याचा सुरुवातीला थोडा फायदा झालाच नसेल, हे कशावरून? आज खर्च जास्त दिसतो म्हणून तेव्हाही तोटाच होता असं होत नाही.

सूक्ष्मदर्शी

नाही होत. पण तेव्हा फायदा होता म्हणणाऱ्याने तो दाखवावा. उलट मी दाखवतो की सोय दिसली म्हणजे ती सोयीसाठीच असते असं नाही. सुतारपक्ष्याची कवटी धक्का शोषते हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. २०२२ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रीकरण करून मोजलं, तर कवटी धक्का शोषत नाही, चोचीसह ताठ हातोड्यासारखी वागते. शोषून घेतला तर लाकडावर बसणारा ठोकाच ढिला पडेल! मेंदू वाचतो तो मुख्यतः लहान असल्यामुळे.

रात्रपाळी

अरेच्चा. हे मी अनेकांना ऐकवलंय. आता त्यांना शोधत फिरायला लावताय.

माझ्याकडून चपटा मासा. सोल, हॅलिबट वगैरे. पिल्लू अंड्यातून येतं तेव्हा इतर माशांसारखं, दोन बाजूंना दोन डोळे. मग एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि मासा आयुष्यभर एका कुशीवर पडून राहतो. अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा काय फायदा?

वडाची पारंबी

हाच प्रश्न जीवशास्त्रज्ञ सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी १८७१ साली डार्विनना विचारला होता. डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या १८७२च्या आवृत्तीतलं उत्तर आज वाचताना गंमत वाटते, कारण तळाशी पडलेली पिल्लं खालचा डोळा वर वळवायचा प्रयत्न करतात आणि त्या सवयीचा परिणाम पुढच्या पिढीत उतरतो, अशा वळणावर ते गेले होते. म्हणजे डार्विनच इथे, कमावलेले गुण वारशाने जातात म्हणणाऱ्या लामार्कच्या अंगणात! खरा पुरावा बराच उशिरा आला. इटलीतल्या मॉन्टे बोल्का इथल्या सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतला अँफिस्टियम हा मासा. २००८ साली जीवाश्मशास्त्रज्ञ मॅट फ्रीडमन यांनी दाखवलं की प्रौढ माशातही त्याचा एक डोळा वर सरकलेला, पण मधली रेषा न ओलांडलेला. अर्धवट डोळ्याचे मासे मोठे होत होते, जगत होते.

आडमुठा

हे मान्य. जीवाश्म समोर ठेवला की माझं तोंड बंद होतं.

पण मूळ नसेकडे वळा. सूक्ष्मदर्शी म्हणतात धमनीने नसेला ओढलं. ही गोष्ट ऐकायला सुरेख, तपासायची कशी? धमनी काढून टाकून बघता येणार आहे का?

खूरवैद्य

निसर्गाने काढून बघितलीय, तीही माणसात.

साधारण शंभरातल्या एखाद्या माणसात, किंवा त्याहून थोड्या कमी प्रमाणात, उजवीकडच्या चौथ्या कमानीची धमनी भ्रूणातच विरून जाते. मग उजव्या हाताची सबक्लेव्हियन नेहमीच्या जागेऐवजी महाधमनीच्या कमानीच्या शेवटच्या टोकातून फुटते. आता उजव्या नसेला अडकायला उजवीकडे काहीच नाही. अशा माणसांत ती नस छातीत जातच नाही. व्हेगसमधून निघते आणि मानेतच आडवी सरळ स्वरयंत्राला भिडते. धमनी गेली, वळसा गेला. डावीकडे असं होणं अतिशय दुर्मीळ, आणि झालं तर ज्यांचे अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात अशांत, म्हणजे जिथे महाधमनीची कमानच उजवीकडे असते.

आडमुठा

वा! हे आधी का नाही सांगितलंत?

मग शेवटचं विचारतो. सरळ रस्त्याचा पर्याय तयार आहे, माणसं त्यासह धडधाकट जगतायत. तो पसरत का नाही?

खूरवैद्य

कारण तो एकटा येत नाही. ती भलतीकडून निघालेली धमनी उजव्या हाताकडे जाताना बहुतेकांत अन्ननलिकेच्या मागून जाते. पुष्कळांना आयुष्यभर पत्ता लागत नाही, पण काहींची अन्ननलिका तिच्यामुळे दाबली जाऊन घास अडकतो. आणि बदल्यात मिळतं काय? माणसाच्या नसेची थोडी लांबी वाचते, तीही फक्त उजवीकडे. घोड्याचं दुखणं डाव्या बाजूचं, तिथे याचा काडीचा उपयोग नाही.

याची खरी काळजी थायरॉइडची शस्त्रक्रिया करणाऱ्यांना. ते नसेला नेहमीच्या जागी, श्वासनलिकेच्या कडेने वर येताना शोधतात. तिथे ती नसेल आणि बाजूने आडवी येत असेल, तर रक्तवाहिनी समजून कापली जाण्याची भीती. म्हणून आधीच्या सीटी स्कॅनमध्ये अन्ननलिकेमागे ती धमनी दिसली की अनुभवी सर्जन उजवी नस मानेतच आडवी शोधायला घेतात.